मधुमेह संशोधनासाठी निधी आणि उपचारसेवेसाठी प्रशिक्षण कसे मिळवावे

मधुमेहाच्या क्षेत्रात काम करणारे डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, औषधनिर्माते आणि प्रयोगशाळेतील तरुण संशोधक यांच्यासाठी निधीच्या आणि प्रशिक्षणाच्या संधी पुष्कळ आहेत. मात्र त्या अनेक संस्थांमध्ये विखुरलेल्या आहेत, प्रत्येकीच्या पात्रतेच्या अटी निराळ्या आहेत आणि बहुतेकांना त्यांची माहिती मिळते तेव्हा अर्जाची मुदत संपत आलेली असते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२५ च्या अ‍ॅटलासनुसार २०२४ मध्ये जगातील २० ते ७९ वयोगटातील सुमारे ५८.९ कोटी लोकांना मधुमेह होता आणि २०५० पर्यंत ही संख्या ८५.३ कोटींवर जाण्याचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संख्येची काळजी नीट घेतली जायची असेल, तर चांगला प्रश्न हाती असलेल्या माणसाला केवळ अर्ज कसा करावा हे ठाऊक नाही म्हणून मागे राहावे लागू नये. हे लेखन त्या हेतूने केले आहे.

प्रश्न आधी ठरवावा

निधी देणाऱ्या संस्थांची यादी समोर ठेवून तिला साजेसा विषय शोधणे ही बहुतेक नव्या अर्जदारांची सवय असते, आणि परीक्षकांना असा प्रस्ताव पहिल्या पानावरच ओळखू येतो. त्याऐवजी आपल्या रोजच्या कामात वारंवार समोर येणारी एक अडचण निवडावी, ती एका वाक्यात लिहावी आणि तिच्याबद्दल आधी काय प्रसिद्ध झाले आहे ते वाचून काढावे. उदाहरणार्थ, बालरुग्ण विभागात टाइप १ मधुमेहाचे उपचार घेणारी मुले मोठी होऊन प्रौढांच्या विभागात गेली की त्यांच्या भेटी चुकू लागतात आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारा आकडा, वाढू लागतो, असे एखाद्या परिचारिकेच्या लक्षात आले आहे असे समजू. या एका निरीक्षणातून किमान तीन वेगळे अभ्यास निघतात. किती मुले अशी गळतात हे नोंदींवरून मोजता येईल. ती का गळतात हे मुलाखतींतून समजून घेता येईल. आणि दोन्ही विभागांना जोडणारा एखादा समन्वयक नेमल्याने फरक पडतो का, हे चाचणी करून तपासता येईल. पहिल्या अभ्यासाला थोडा निधी आणि नोंदी वापरण्याची परवानगी पुरते, दुसऱ्याला मुलाखतशास्त्र जाणणारा सहकारी लागतो आणि तिसऱ्याला काही वर्षांचे मोठे अनुदान लागते. तिन्हींचे दाते वेगळे असतात. म्हणून प्रश्न कोणत्या जातीचा आहे, म्हणजे पेशी आणि जनुकांच्या पातळीवरचा, उपचारांचा, सेवा पोहोचवण्याचा की शिक्षणाचा आणि मनोधैर्याचा, हे ठरल्याशिवाय निधीच्या शोधाला लागू नये.

कोण कशासाठी पैसे देते

सर्वांत मोठ्या दात्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील, अर्थात एनआयएचमधील, मधुमेह, पचनसंस्था आणि मूत्रपिंडाच्या विकारांचा विभाग. त्याला सर्वत्र एनआयडीडीके म्हणतात. तेथील आर०१ हे अनुदान कमाल ५ वर्षांच्या प्रकल्पासाठी असते, तर नव्या आणि अद्याप न पारखलेल्या कल्पनांसाठी आर२१ हे २ वर्षांचे छोटे अनुदान असते. प्रशिक्षणाच्या टप्प्यावर असलेल्यांसाठी एफ आणि के या अक्षरांनी ओळखली जाणारी अनुदाने आहेत. यांतील एफ मालिकेसाठी अमेरिकेचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो, परंतु के मालिकेतील के९९ या अनुदानासाठी तेथे काम करणारे इतर देशांचे संशोधकही पात्र असतात, आणि ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसल्याने ते अर्जच करत नाहीत. परदेशी संस्थांना लागू होणारे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये, चालू घोषणाच वाचावी.

१९४० मध्ये स्थापन झालेली अमेरिकन डायबिटीस असोसिएशन स्वतःची अनुदाने देते. तिचा ‘पाथवे टू स्टॉप डायबिटीस’ हा कार्यक्रम प्रकल्पापेक्षा व्यक्तीवर विश्वास टाकतो, आणि त्यासाठी संस्थेकडून नामांकन व्हावे लागते. त्यामुळे इच्छुकाने घोषणेची वाट न पाहता आपल्या विभागप्रमुखांशी आधीच बोलून ठेवणे आवश्यक असते. टाइप १ मधुमेहासाठी ‘ब्रेकथ्रू टी१डी’ ही संस्था महत्त्वाची आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला २०२४ पर्यंत जेडीआरएफ या नावाने ओळखत असत, आणि जुन्या लेखांत तेच नाव आढळते. डॉक्टरेटनंतरच्या फेलोशिपपासून स्वतःची प्रयोगशाळा उभारण्यापर्यंतच्या वेगवेगळ्या टप्प्यांसाठी तिच्या योजना आहेत. टाइप १ साठीच हेल्म्सली चॅरिटेबल ट्रस्ट हाही मोठा खासगी दाता आहे.

युरोपात मधुमेह अभ्यासाची युरोपीय संघटना, म्हणजे ईएएसडी, १९६५ पासून काम करते, आणि तिचे प्रतिष्ठान ईएफएसडी संशोधनाला पैसे पुरवते. ईएफएसडीच्या अनेक योजनांत अर्जदार संघटनेचा सदस्य असावा लागतो, म्हणून सदस्यत्वाचे शुल्क अर्जाच्या आधी भरलेले असावे. तरुणांनी लक्षात ठेवावी अशी तिची एक योजना म्हणजे अल्बर्ट रेनॉल्ड प्रवास फेलोशिप: दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन एखादे तंत्र शिकण्यासाठी तिचा उपयोग होतो. युरोपीय संघाची मेरी स्क्वोडोव्स्का-क्युरी फेलोशिप केवळ मधुमेहासाठी नाही, पण कोणत्याही राष्ट्रीयत्वाच्या डॉक्टरेटधारकाला ती खुली आहे. गेल्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य नसावे ही तिची मुख्य अट आहे.

सेवा उभारणीचा प्रकल्प असेल, तर दार वेगळे आहे. २००२ मध्ये डेन्मार्कमध्ये स्थापन झालेले वर्ल्ड डायबिटीस फाउंडेशन अल्प आणि मध्यम उत्पन्न असलेल्या देशांत मधुमेहाचे प्रतिबंधन आणि उपचार पोहोचवणाऱ्या प्रकल्पांना मदत करते. तेथे प्रयोगशाळेतील संशोधनाचा प्रस्ताव पाठवणे म्हणजे स्वतःचा आणि त्यांचा वेळ वाया घालवणे होय. सिद्ध झालेले उपचार प्रत्यक्ष समाजात कसे राबवावेत या संशोधनासाठी ग्लोबल अलायन्स फॉर क्रॉनिक डिसिजेस ही दात्यांची युती २००९ पासून काम करते आणि तिच्या घोषणा दरवेळी ठरावीक विषयावर असतात.

लहान अनुदानांकडे दुर्लक्ष करू नये, हे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांनी इन्सुलिनच्या शोधामागे लागलेले डॉक्टर बँटिंग यांना प्रयोगशाळेत जागा, चार्ल्स बेस्ट हा तरुण सहायक आणि प्रयोगांसाठी काही कुत्री एवढेच दिले होते, आणि पुढच्या जानेवारीत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले. प्रत्येक लहान निधीतून असे काही घडत नाही हे खरे, पण मोठ्या अनुदानाच्या परीक्षकांना जी प्राथमिक माहिती हवी असते, ती जवळपास नेहमी अशा छोट्या रकमांतूनच उभी राहिलेली असते.

घोषणा कशी वाचावी

अनुदानाची घोषणा पहिल्यांदा वाचताना शास्त्राकडे न पाहता केवळ पात्रता पाहावी. पदवीनंतर किती वर्षे झाली, हा निकष सर्वत्र असतो. एनआयएचमध्ये अंतिम पदवी किंवा प्रशिक्षण पूर्ण झाल्यापासून १० वर्षांच्या आतील आणि अद्याप मोठे अनुदान न मिळालेल्या व्यक्तीला नवोदित संशोधक मानतात, आणि के९९ साठी डॉक्टरेटनंतरचा अनुभव सर्वसाधारणपणे ४ वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. बाळंतपण, दीर्घ आजार किंवा कुटुंबातील कोणाची शुश्रूषा यांमुळे खंड पडला असेल, तर बहुतेक संस्था तो कालावधी वजा करतात. मात्र तशी मागणी अर्जदाराने स्वतः आणि वेळेत करावी लागते. स्त्रियांनी ही सवलत मागायला मुळीच संकोच करू नये, कारण ती नियमानेच दिलेली आहे.

दुसऱ्या वाचनात, या दात्याने पूर्वी कोणाला आणि कशासाठी पैसे दिले हे शोधावे. एनआयएचचे ‘रिपोर्टर’ आणि युरोपीय संघाचे ‘कॉर्डिस’ हे दोन्ही माहितीसंग्रह सर्वांना विनामूल्य खुले आहेत. मंजूर प्रकल्पांचे सारांश वाचल्यावर दात्याचा कल कळतो आणि आपल्याच प्रश्नावर कोणी काम सुरू केले आहे का, हेही समजते. त्यानंतर कार्यक्रम अधिकाऱ्याला एक परिच्छेदाचे पत्र लिहून आपला विषय या योजनेत बसतो का, असे विचारावे. हे अधिकारी प्रश्नांची उत्तरे देण्यासाठीच नेमलेले असतात, आणि असे विचारणे म्हणजे वशिला लावणे आहे असा गैरसमज मनातून काढून टाकावा.

प्रस्ताव कसा लिहावा

प्रस्तावाचे सर्वांत महत्त्वाचे पान उद्दिष्टांचे. एनआयएचमध्ये त्याला एकच पान मिळते, आणि पुढील संशोधन-आराखड्याला आर०१ साठी १२ व आर२१ साठी ६ पाने. परीक्षकांच्या समितीतील सगळे जण पूर्ण प्रस्ताव बारकाईने वाचत नाहीत. ज्यांच्याकडे तो सोपवलेला असतो ते वाचतात आणि इतर जण उद्दिष्टांच्या पानावरून मत बनवतात. म्हणून या पानात समस्या, तिच्याविषयीच्या ज्ञानातील नेमकी उणीव, आपले गृहीतक आणि दोन किंवा तीन उद्दिष्टे एवढे सामान्य डॉक्टरलाही समजेल अशा भाषेत यावे. उद्दिष्टांची रचना करताना एक धोका कटाक्षाने टाळावा: पहिले उद्दिष्ट फसले तर दुसरे आपोआप कोसळेल अशी मांडणी असू नये, कारण परीक्षक नेमकी तीच कडी तपासतात. हे पान मुदतीच्या निदान तीन महिने आधी लिहून मधुमेहात काम न करणाऱ्या एका सहकाऱ्याला आणि त्याच विषयातील एका जाणकाराला वाचायला द्यावे.

मोजमाप काय करणार, हे स्पष्ट हवे. एचबीए१सी हा अजूनही सर्वमान्य निर्देशांक आहे, पण अंगावर लावून साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरच्या वापरामुळे २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने ‘टाइम इन रेंज’ हा निर्देशांकही रुळला आहे. साखर ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर या पट्ट्यात दिवसाच्या किती टक्के वेळ राहते ते त्यात मोजतात, आणि बहुतेक प्रौढांसाठी ७० टक्क्यांहून अधिक हे लक्ष्य मानले जाते. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रसंग आणि आजाराचा मानसिक ताण यांची नोंदही ठेवावी, कारण केवळ सरासरी सुधारली आणि माणूस रात्रभर साखर उतरण्याच्या भीतीने जागा राहिला, तर त्या यशाला फारसा अर्थ नाही.

सहभागींची संख्या कशी ठरवली, हा भाग नवे अर्जदार शेवटच्या दिवसासाठी ठेवतात, आणि तेथेच चांगले प्रस्ताव बाद होतात. समजा, दोन गटांतील एचबीए१सीचा फरक ०.५ असेल असे आपले गृहीतक आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे व्यक्तीव्यक्तींमधील आकड्यांचा विखुरलेपणा, १.२ आहे. ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे असे चुकून ठरण्याची शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्य (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरल्यास प्रत्येक गटात सुमारे ९१ जण लागतील. २० टक्के लोक मध्येच सोडून जातील असे मानल्यास प्रत्येक गटात ११४ जणांना सामावून घ्यावे लागेल. अपेक्षित फरक ०.३ वर आणला, तर गळती न धरताही हीच गरज प्रत्येक गटात सुमारे २५१ वर जाते. हे आकडे पाहिले की एका लहान केंद्रात मोठी चाचणी करण्याचा मोह आपोआप आवरतो आणि आधी पथदर्शी अभ्यास किंवा आणखी केंद्रांशी भागीदारी यांचा विचार सुरू होतो. संख्याशास्त्रज्ञाला प्रश्न ठरत असतानाच सोबत घ्यावे आणि त्याच्या वेळेचे मानधन अंदाजपत्रकात दाखवावे.

स्वतःची प्राथमिक माहिती नसेल, तरी हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. एनआयडीडीकेच्या मध्यवर्ती भांडारात मोठ्या अभ्यासांची माहिती आणि जैविक नमुने साठवलेले आहेत. त्यांत १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ सहभागींवर झालेल्या डीसीसीटी या टाइप १ मधुमेहाच्या ऐतिहासिक चाचणीचाही समावेश आहे. योग्य प्रस्ताव आणि नैतिकता समितीची मान्यता असेल, तर बाहेरच्या संशोधकांनाही ती माहिती मागता येते. एनपॉड हे जाळे मधुमेह असलेल्या अवयवदात्यांच्या स्वादुपिंडाचे नमुने अभ्यासकांना पुरवते. अनेक तरुणांचे पहिले दर्जेदार निबंध अशाच साठ्यांवर उभे राहू शकतात, आणि त्यासाठी लागणारा खर्चही तुलनेने कमी असतो.

अंदाजपत्रकात परीक्षकाला दोन गोष्टी खटकतात: गरजेपेक्षा जास्त मागणे आणि अशक्य वाटावे इतके कमी मागणे. चाचणीपट्ट्या, सेन्सर, प्रयोगशाळेतील तपासण्या, सहभागींचा प्रवासखर्च, समन्वयकाचा पगार आणि माहिती सुरक्षित ठेवण्याचा खर्च प्रत्येकी वेगळा दाखवावा. संस्थेचा आनुषंगिक खर्च दाता किती टक्क्यांपर्यंत देतो हेही आधी पाहावे, कारण काही धर्मादाय संस्था तो देतच नाहीत आणि मग रक्कम मंजूर होऊनही आपलीच संस्था ती स्वीकारायला तयार होत नाही. चाचणी असेल, तर पहिल्या सहभागीची नोंद करण्यापूर्वी तिची सार्वजनिक नोंदणी करावी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून ही अट लागू केली आहे, आणि ती चुकली तर वर्षानुवर्षांचे काम चांगल्या नियतकालिकात छापले जात नाही.

आणखी एक गोष्ट अनेक दाते आता स्पष्टपणे विचारतात: मधुमेह असलेल्या व्यक्तींचा या योजनेत सहभाग काय आहे? उत्तर म्हणून शेवटी एखाद्या संघटनेचे शिफारसपत्र जोडू नये. प्रश्न ठरवताना, संमतीपत्राची भाषा लिहिताना आणि भेटींचे वेळापत्रक आखताना त्यांना बसवून घ्यावे. दिवसातून पाच वेळा बोटातून रक्त काढायला सांगणारी योजना कागदावर फार सुंदर दिसते, आणि ती पाळता येणार नाही हे ज्याला रोज तसे करावे लागते तोच पहिल्यांदा सांगतो.

प्रशिक्षण कसे निवडावे

उपचारसेवेतील प्रशिक्षणाकडे प्रमाणपत्र मिळवण्याची पायरी म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही. डीसीसीटीमध्ये सघन उपचार घेणाऱ्या गटाचे एचबीए१सी सुमारे ७ टक्क्यांवर आणि पारंपरिक उपचारांच्या गटाचे सुमारे ९ टक्क्यांवर राहिले, आणि ज्यांना आधी डोळ्यांचा विकार नव्हता त्यांच्यात तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. हे केवळ जास्त इन्सुलिनमुळे घडले नाही. परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ सतत संपर्कात होते म्हणून तो उपचार पेलवला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये जीवनशैलीच्या मार्गदर्शनाने टाइप २ मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी. शिकवणे हाच येथे उपचार होता, आणि शिकवणे हे शिकावे लागते.

सुरुवात विनामूल्य साधनांपासून करावी. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या स्कूल ऑफ डायबिटीसमध्ये डॉक्टर, शिक्षक आणि इतर आरोग्यसेवकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत आणि त्यांतील छोटे अभ्यासक्रम मोफत असतात. ईएएसडीचे ई-लर्निंग विषयाच्या खोलात जाणारे आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची उपचारमानके दर जानेवारीत प्रसिद्ध होतात आणि कोणालाही वाचता येतात. दरवर्षी त्यातील बदल तेवढे सहकाऱ्यांसोबत बसून वाचले, तरी ते उत्तम सातत्यपूर्ण शिक्षण होते. प्राथमिक आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची ‘हार्ट्स-डी’ ही टाइप २ मधुमेहावरील पुस्तिका जवळ ठेवावी, कारण ती मोजकी साधने हाताशी असलेल्या दवाखान्याचा विचार करून लिहिलेली आहे.

मुलांच्या मधुमेहासाठी आयस्पॅड ही संस्था डॉक्टरांसाठी आणि इतर आरोग्यव्यावसायिकांसाठी स्वतंत्र विज्ञानशाळा भरवते. तेथे मोजक्या लोकांची निवड होते, आणि आपले काम अनुभवी मंडळींपुढे मांडून त्यावर चर्चा करण्याची संधी मिळते. तिची अ‍ॅलन ड्रॅश क्लिनिकल फेलोशिप दुसऱ्या नामांकित केंद्रात राहून प्रत्यक्ष रुग्णसेवा पाहण्यासाठी आहे. अशा अर्जात ‘मला शिकायचे आहे’ एवढे लिहून भागत नाही. परत आल्यावर आपल्या केंद्रात नेमके काय सुरू करणार, त्यासाठी वरिष्ठांची संमती आहे का आणि ते सुरू झाले हे कसे मोजणार, एवढे लिहिले तर निवडसमितीला निर्णय घेणे सोपे जाते.

प्रमाणित मधुमेह शिक्षक व्हायचे असल्यास अटी देशागणिक बदलतात. अमेरिकेत २०२० पर्यंत सीडीई म्हणून ओळखले जाणारे प्रमाणपत्र आता सीडीसीईएस या नावाने दिले जाते. त्यासाठी तेथील व्यवसायाचा परवाना, ठरावीक तासांचा प्रत्यक्ष अनुभव, सातत्यपूर्ण शिक्षणाचे तास आणि परीक्षा लागते, आणि ते ५ वर्षांनी नवे करावे लागते. इतर ठिकाणच्या व्यक्तीने आपल्या देशातील संघटनेचा मान्यताप्राप्त मार्ग विचारून घ्यावा. कोणताही सशुल्क अभ्यासक्रम निवडताना मान्यता कोणाची आहे, रुग्णांसमोर सराव होतो का आणि शेवटी परीक्षा कशाची घेतात, हे तीन प्रश्न विचारावेत. औषध किंवा उपकरण बनवणाऱ्या कंपनीने प्रायोजित केलेले प्रशिक्षण त्याज्य ठरत नाही, कारण पंप आणि सेन्सर वापरण्याचे उत्तम प्रशिक्षण पुष्कळदा तेथेच मिळते. पण विषयांची निवड कोणी केली आणि वक्त्यांचे हितसंबंध जाहीर केले आहेत का, हे पाहावे.

परिषदांना जाण्यासाठी प्रवासवृत्ती असतात आणि त्या बहुधा सारांश स्वीकारला गेलेल्या तरुणांना मिळतात. अमेरिकन संघटनेची परिषद जूनमध्ये आणि ईएएसडीची साधारणपणे सप्टेंबरमध्ये भरते, पण सारांशांची मुदत काही महिने आधीच संपते, म्हणून वर्षाच्या आरंभीच निष्कर्ष लिहून तयार ठेवावेत.

नकार आल्यास

पहिला अर्ज नाकारला जाणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. परीक्षकांचे शेरे आल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि मग ते मार्गदर्शकासोबत वाचावेत. एनआयएचमध्ये ज्या निकषांना गुण दिले जातात त्यांना १ ते ९ गुण असतात आणि १ हा सर्वोत्तम असतो, त्यामुळे कोणत्या निकषावर आकडा वाढला ते पाहून दुरुस्तीची दिशा कळते. पद्धतीवरचे आक्षेप दुरुस्त करता येतात. प्रश्नच महत्त्वाचा वाटला नाही असा शेरा असेल, तर दुसरा दाता शोधणे शहाणपणाचे. एनआयएचकडे सुधारित प्रस्ताव मूळ अर्जापासून ३७ महिन्यांच्या आत पाठवता येतो आणि त्यासोबत काय बदलले हे सांगणारे एक पान जोडावे लागते. त्या पानावर प्रत्येक आक्षेपाला वाद न घालता उत्तर द्यावे, आणि एखादी सूचना स्वीकारली नसेल तर तिचे कारण एका वाक्यात लिहून प्रस्तावातील संबंधित परिच्छेदाचा निर्देश करावा.